फितीवरचं पान

त्या माणसानं काउंटरला काठी टेकवली, खांद्यावरचं घोंगडं काढून स्टुलावर ठेवलं आणि पिशवीत हात घालून एक कातर बाहेर काढली. मेंढरांची लोकर कातरायची लोखंडी कातर. पाती वीतभर लांब आणि नुकतीच धार लावलेली. ती त्यानं माझ्यासमोर काचेवर ठेवली.

"ही आड येत हुती," तो म्हणाला. "डबी पार तळाला गेलीया."

मी नुसती मान हलवली. आठ दिवसांपूर्वी सुभेदार आनंदराव भापकर त्यांच्या मळ्यातल्या घरात मरून पडलेले सापडले होते. डोकं फुटलेलं, आणि शेजारी मेडलांची पेटी उघडी. पेटीतलं सगळं जागच्या जागी होतं, फक्त एका मेडलची फीत तेवढी कापून नेलेली होती. त्यांचा मुलगा विलास याच काउंटरपाशी उभा राहून मला म्हणाला होता, "कातरीनं कापलीय ताई. मोठ्या कातरीनं. त्या फितीवर पान होतं. ते पान घेऊन कुणी आलं तर त्याला बोलण्यात गुंतवा आणि शेजारून मला फोन करा."

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. भिंगारच्या कॅम्प बाजारात आमचं दुकान होतं. वर्दीची शिलाई आणि मेडल लावून देणं ही दोन कामं आम्ही करायचो, पैकी दुसऱ्यात माझ्या वडिलांचा हात धरणारं कुणी नव्हतं. लोक त्यांना पोरेमास्तर म्हणत. दुसऱ्या महायुद्धात कुणी काही विशेष केलं आणि वर कळवलेल्या खलित्यात त्याचं नाव आलं, तर त्याला वेगळं मेडल मिळत नसे. मिळायचं ते पितळेसारखं दिसणारं बोटाच्या पेराएवढं पान. ओक नावाच्या विलायती झाडाचं. ते वॉर मेडलच्या फितीवर तिरकं लावायचं. आमच्याकडे त्याला नुसतं 'पान' म्हणत, आणि पानवाला म्हातारा दुकानात आला की वडील मशीन थांबवून उभे राहत.

आदल्या डिसेंबरात वडिलांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एकच अक्षर उरलं, 'दे'. पाणी हवं असलं तरी दे, कूस बदलायची असली तरी दे, रेडिओ बंद करायचा असला तरी दे. दुकानाच्या मागच्या भागात पडदा लावून त्यांची खाट टाकली होती, म्हणजे माझं दोन्हीकडे लक्ष राहील. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची. काम मला येत होतं, पण धीर म्हणाल तर आधीपासूनच बेताचा. दुकानात पाल दिसली तरी मी स्टुलावर चढायची.

तर अशी मी आणि माझ्यासमोर तो माणूस. चाळिशीचा असेल. डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत जुना व्रण, डोळे लालसर. बाजारात दुपारची सामसूम, समोरचा चहावालाही फळी लावून आडवा झालेला.

"नाव काय आपलं?" मी विचारलं.

"मारुती शिंगाडे. शिंगाडेवाडी, म्हसवडाजवळ." तो पिशवीतून एक फडकं काढत म्हणाला. "बापाची मेडलं हायेत. फिती गेल्यात कुजून. नव्या लावायच्या."

फडक्यात तीन मेडलं होती. पिवळीजर्द. आधी मला कळेना, मग लक्षात आलं की हा भंडारा आहे. वर्षानुवर्षं देव्हाऱ्यात ठेवून त्यांच्यावर हळद वाहिलेली होती, आणि ती अक्षरांच्या खाचांत बसली होती.

"देवात असत्यात," तो म्हणाला. "बाप इटलीतनं आलाच न्हाय. हीच आली. मी सा म्हयन्यांचा हुतो."

ही झाली साधी गोष्ट. मला जरा हायसं वाटलं. वाटलं, उगाच घाबरले, धनगर माणसाजवळ कातर नसेल तर काय असेल. मी फितींचे गुंडाळे काढायला वळले आणि तेवढ्यात त्यानं ती डबी काचेवर ठेवून उघडली.

"आन् ह्यातलं पान ह्या मेडलावर लावायचं."

डबीत फितीचा दोन बोटांचा तुकडा होता. दोन्ही कडा सरळ कापलेल्या. त्याच्यावर पान.

वडिलांची शिकवण अशी की पान समोरून बघायचंच नाही. समोरून सगळी सारखीच दिसतात. ते उलटं करायचं. लढाईच्या काळातलं अस्सल पान ठशानं पाडलेलं असे, त्यामुळे मागून ते खोलगट लागतं आणि फितीत घालून वळवायचे बारीक दात त्याला असतात. आमच्या दुकानात नकला आलेल्या होत्या त्या ओतीव, मागून सपाट. मी तुकडा उलटा केला. खोलगट. एक दात जागेवर, आणि दुसऱ्याच्या मुळाशी पिवळा ठिपका.

तो ठिपका मी डोळे मिटूनही ओळखला असता. अकरा वर्षांची असताना सुभेदार भापकरांच्या पानाशी खेळताना तो दात माझ्याच हातून तुटला होता. वडिलांनी मला एक धपाटा घातला आणि रात्रभर बसून तो दात पितळेचा टाका देऊन पुन्हा जोडला. अख्ख्या हिंदुस्थानात असं पान एकच होतं.

आणि पानाच्या पाठीशी, फितीच्या घडीत, आमच्या दुकानाची चिठ्ठी होती. ही वडिलांची पद्धत. अस्सल पान लावलं की दात अंगाला टोचू नयेत म्हणून मागे चौघडी घातलेला कागद शिवायचा, आणि त्याच्या वरच्या घडीवर ज्याचं पान त्याचं नाव लिहायचं. आत काही लिहायचं नाही. चिठ्ठीवर वडिलांच्या ठसठशीत अक्षरात होतं, 'सुभेदार आ. भापकर'.

मी खाली बघत राहिले, कारण वर बघितलं तर त्याला सगळं कळेल असं वाटलं.

"हे पान… तुम्हाला कुठं मिळालं?"

"सुभेदारांनी दिलं की."

"कधी?"

"धा दिस झालं असत्याल. मळ्यात गेल्तो त्यांच्या."

म्हणजे त्याच सुमाराला. त्याच घरात. मी सुईत दोरा ओवायला घेतला, दोरा नेढ्याच्या बाजूनं जायला लागला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी बोलून गेले, "फीत अगदी सरळ कापलीय."

"कापली की ह्याच कातरीनं," तो म्हणाला, आणि त्यानं त्या पात्यावरून अंगठा फिरवला.

कुणी कापली ते तो बोलला नाही. ते विचारायची छाती मला झाली नाही.

पडद्याआडून आवाज आला. "दे."

"कोन हाय आत?"

"वडील. आजारी आहेत."

"पोरेमास्तर व्हय? सुभेदार म्हनले हुते, त्यांच्याच हातनं लावून घे." तो उठायला लागला. "पाया पडून येतो."

"नको," मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले. "झोपेत बोलतात ते. तुम्ही बसा."

तो बसला. वडील पुन्हा म्हणाले, "दे." मग खाटेच्या पाइपवर डावा हात आपटल्याचा आवाज. "दे. दे."

मी पाण्याचा तांब्या घेऊन आत गेले. वडील टक्क जागे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं, आणि ते डोळे मी कधी पाहिले नव्हते इतके मोठे झाले होते. मी भांडं ओठाला लावलं तर त्यांनी तोंड फिरवलं, पाणी उशीवर सांडलं. माझं मनगट त्यांनी डाव्या हातानं घट्ट धरलं. "दे," ते म्हणाले, आणि हनुवटी दुकानाकडे नेली. "दे. दे."

मला वाटलं, तेही घाबरलेत. आपल्या पोरीला सांगताहेत की तो माणूस वाईट आहे, सांभाळ. मी त्यांच्या कानाशी लागून म्हणाले, "कळलं मला बाबा. मी बघते." त्यांनी मान इतक्या जोरानं हलवली की मला त्यांच्याकडे बघवेना. मी मनगट सोडवून घेतलं.

बाहेर जाऊन फोन करायचा तर तो औषधाच्या दुकानात, चार दुकानं सोडून. तेवढा वेळ वडिलांना एकटं त्या माणसापाशी सोडायचं? आरडाओरडा करायचा तर ऐकणार कोण? मी मनाशी ठरवलं ते एवढंच की हा माणूस इथून शांतपणे बाहेर गेला पाहिजे आणि सुभेदारांचं पान इथंच राहिलं पाहिजे. विलासच्या हाती ते पडलं की माझी सुटका.

माझ्या खणात नकली पानं होती.

मी मेडलं पुसायला घेतली. त्यानं लगेच हात पुढे केला, "भंडारा ऱ्हाऊ द्या ताई. आईनं सांगितलंय." मी राहू दिला. नवी फीत कापली, पहिलं मेडल ओवलं, दुसरं ओवलं. तो सगळं बघत होता. नजर हलवत नव्हता. तिसऱ्या मेडलला मी लाल-निळी फीत लावली आणि डबी मुद्दाम कोपरानं खाली पाडली.

"अरे देवा," असं म्हणून मी काउंटरखाली वाकले. खरं पान फितीच्या तुकड्यासकट परकराच्या खिशात टाकलं, खणातून नकली घेतलं आणि वर आले. पान तिरकं धरून मी दोन टाके घातले, सुई बोटात घुसली. रक्ताचा थेंब फितीवर पडला, पण लाल पट्ट्यावर पडला म्हणून दिसला नाही.

"झालं," मी म्हणाले आणि मेडलं त्याच्यापुढे सरकवली.

त्यानं ती तळहातावर घेतली. बराच वेळ पानाकडे पाहिलं. मग फीत उलटी केली आणि मागून अंगठा फिरवला. एकदा इकडून, एकदा तिकडून. पडद्याआड वडील पाइप बडवत होते आणि तेच ते एक अक्षर म्हणत होते.

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हाताकडे पाहिलं, बोटाकडे पाहिलं. मग कातरीकडे. मला वाटलं, संपलं सगळं.

"माजी दोनशे मेंढरं हायेत," तो म्हणाला. "बगणाऱ्याला समदी सारकीच वाटत्यात."

मी टोचलेलं बोट पदराला पुसलं.

त्यानं कातर उचलली, सावकाश फडक्यात गुंडाळली आणि पिशवीच्या अगदी तळाशी घातली. मेडलं छातीच्या खिशात ठेवली. घोंगडं खांद्यावर टाकलं. "तुमी आदी पानी प्या ताई," तो म्हणाला. "आन् सुभेदारास्नी सांगा, मारुती येऊन गेला म्हनून." दारातल्या पायरीला हात लावून नमस्कार केला आणि तो निघून गेला.

मी दाराला आतून कडी घातली आणि तिथंच जमिनीवर बसले. हसू आणि रडू दोन्ही एकदम येत होतं. मला खरंच वाटत होतं की मी मोठा पराक्रम केलाय. मग विलासला पुरावा द्यायचा तर चिठ्ठी नीट काढावी म्हणून मी पान खिशातून बाहेर काढलं, टाके उसवले आणि कागद वेगळा केला. तो जरा जाड लागला. आमच्या चिठ्ठ्या कोऱ्या असतात, त्या कुणी उलगडून बघत नाही. ही हातात उलगडली म्हणून दिसलं की आतही लिहिलेलं आहे. अक्षर वडिलांचंच, तारीख झटक्याआधीच्या दिवाळीतली.

'पान माझे नव्हे. इटलीत नदीकाठी जे काम झाले ते नाईक बिरू शिंगाडे याने केले व तो तेथेच पडला. जिवंत मी परतलो म्हणून नाव माझे लागले. चाळीस वर्षे बोललो नाही. बिरूचा मुलगा सापडल्यास पान त्याच्या हवाली करावे व बिरूच्या मेडलवर लावावे. हे पोरे यांस सांगून लिहविले.' खाली सुभेदारांची थरथरती सही.

वडिलांचा आवाज थांबला होता. मी पडदा बाजूला केला. ते छताकडे बघत होते आणि डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं. ते 'दे' म्हणत होते ते पाणी मागायला नव्हे आणि मला सावध करायलाही नव्हे. झटक्यानंतर पहिल्यांदा त्या अक्षराचा जो अर्थ आहे, नेमका तोच त्यांना म्हणायचा होता.

मी अनवाणी धावत स्टँडवर गेले. म्हसवडाकडे जाणारी फलटणची गाडी सुटून गेली होती.

पुढे चार दिवस वडिलांनी धड अन्न घेतलं नाही. दरम्यान विलास येऊन गेला. सुभेदारांना चक्कर आली आणि ओट्याच्या कडेवर डोकं आपटलं, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं म्हणे, पण गावाला खून हवा होता आणि विलासलाही बहुतेक तेच सोपं वाटलं. मी त्याला चिठ्ठी दाखवली. त्यानं ती दोनदा वाचली, घडी घालून परत दिली आणि निघून गेला. तो पुन्हा दुकानात आला नाही.

पाचव्या दिवशी शेजारच्या मावशींना वडिलांपाशी बसवून मी एसटीत बसले. वाटभर मला भीती वाटत होती, पण ही भीती वेगळी होती. आधी मी त्याला चोर समजून घाबरले होते. आता चोर मी होते, आणि चोरलेला माल परकराच्या खिशात घेऊन त्याच्याच दारी चालले होते.

शिंगाडेवाडीत घर सापडायला वेळ लागला नाही. मारुती मेंढरं घेऊन लांब गेला होता. दारात त्याची आई लोकर पिंजत बसली होती. साठीच्या घरातली, बारीक अंगाची, विटक्या लुगड्यातली. मी नाव सांगितलं. तिनं हातातलं काम ठेवलं आणि मला आत नेऊन पाटावर बसवलं.

"आलीस व्हय," ती म्हणाली. जशी काही माझी वाटच बघत होती.

देव्हाऱ्यात बिरोबाच्या टाकाशेजारी तिन्ही मेडलं होती, नव्या फितींवर ताजा भंडारा. पण तिसऱ्या फितीवर पान नव्हतं. माझे दोन टाके उसवलेले दिसत होते, आणि नकली पान खाली एका वाटीत वेगळं ठेवलं होतं.

"मावशी," मी म्हणाले, "मी तुमच्या मुलाला फसवलं."

"म्हाईत हाय. त्यानं तितंच वळखलं." ती लोकरीचे धागे बोटावरून काढत होती. "मी म्हनलं, अरं मग मागायचं न्हाईस का? तर म्हनला, आई, बाई लई भ्याली हुती. सुभेदारांनी बलावून घिऊन, माज्या म्होरं, माज्याच कातरीनं, सवताच्या हातानं फीत कापली. त्या कातरीलाच बाई भ्याली. अजून बोललो असतो तर वरडली असती. भ्या गेलं का आणून देईल."

मला रडू आवरेना. तिनं रडू दिलं. मग विचारलं, "सुभेदार बरं हायेत?"

मी सांगितलं. तिनं देव्हाऱ्यातला चिमूटभर भंडारा घेऊन दारातून बाहेर उधळला, दोनदा. एकदा बिरूच्या नावानं, एकदा सुभेदारांच्या.

मी खिशातून पान काढलं. तिनं तळहात पुढे केला. ते तिनं समोरून पाहिलंच नाही. उलटं केलं आणि त्या पितळेच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हितं काय झालतं?"

"मी तोडलं होतं. लहानपणी."

"आन् जोडलं कुनी?"

"वडिलांनी."

"मग लाव आता तूच," ती म्हणाली.

मी उंबऱ्यापाशी उजेडात बसले. फितीत दात घातले, एक उजवीकडे वळवला, जोडलेला डावीकडे, हलक्या हातानं. मागे चिठ्ठी शिवली. वरची घडी मी बदलली होती, तिच्यावर लिहून आणलं होतं, 'नाईक बिरू शिंगाडे'. दोरा तोडायला काही दिसेना. म्हातारीनं खुंटीवरची कातर काढून माझ्या हातात दिली. ती मला वाटली होती त्याहून हलकी होती.

घरी परतले तेव्हा वडील जागे होते. मी खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "बाबा, दिलं."

त्यांचे ओठ हलले. "दे," ते म्हणाले.

मी भांडं ओठाला लावलं. ते सगळं पाणी प्यायले.